झग्याचा खिसा

नवरा गेल्यापासून शिवणकामवालीच्या खोलीत दुसऱ्या खुर्चीवर कापडंच बसायची. महिन्यातून एकदा चर्चचे पाळक आले की ती उचलावी लागत. आज त्यांच्या हातात पांढरा झगा आला. "कोणाचा, मावशी?" "माझाच. मला पुरताना घालायचा." झग्याच्या बाजूच्या शिवणीत खिसा बघून पाळक हसले. "जन्म शिवणकामात गेला तुमचा, आणि शेवटच्या कपड्याला खिसा नसतो हे विसरलात?" "चष्म्यापुरताच आहे. चाळीस वर्षं मशीनवर बसून येशूशी बोलतेय. हल्ली तर दिवसभर दुसऱ्या कोणाशी बोलणंच होत नाही. पण त्याचं तोंड अजून पाहिलेलं नाही. पहिल्यांदा दिसेल तेव्हा धूसर नको." पाळकांनी समजावलं, "अहो, तिकडे देव नवे डोळे देतो." "देईल की. माझा विश्वास आहे." तिने दोरा दातांनी तोडला. "पण ते मिळेपर्यंत कोण थांबणार? आधीच खूप थांबलेय मी."