साडूची ठिपकी

"बघा, बघा, कशी तुटून पडते!" साडू म्हणाला आणि चिमटीतलं गोठवलेलं खाणं त्यानं टाकीत सोडलं.

ठिपकेदार मासळी दगडामागून सुळकन आली आणि मटामट गिळायला लागली. चष्मेवाला काचेला नाक लावून बघत होता. काय ते गोल पोट, काय ती भरलेली पाठ! त्याच्या पोटात असं काही दुखायला लागलं की हातातला चहा तसाच गार झाला.

दोघांच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी, दोघांकडे प्रवाळं, आणि दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून एकेक लेपर्ड रॅस जातीची ही ठिपकेदार मासळी आणलेली. दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलेल्या माणसांनी आणखी वेगळं काय करायचं? "कुठलीही उचला," दुकानदार म्हणाला होता, "आईबापांनाही ओळखू यायच्या नाहीत."

पण ही जात महानखरेल. समुद्रातल्या दगडांवरचे बारीक जीव टिपत फिरेल, पण आपण घातलेलं खाणं म्हणजे तिला विष. बहुतेकांकडे ती उपाशीच मरते. घाबरली की वाळूत घुसते आणि दिवसच्या दिवस तोंड दाखवत नाही.

चष्मेवाल्यानं मात्र आपल्या ठिपकीला वळवलं होतं. कान तुटलेला एक चहाचा कप त्यानं टाकीच्या कोपऱ्यात आडवा ठेवला आणि त्यातच खाणं सोडायला सुरुवात केली. कितीतरी दिवस तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग एकदा डोकावली. मग तर तो खोलीत आला की ती कपात तोंड घालून उभी. साडूची तेव्हा पार काटकी झाली होती.

"हाताला गुण असावा लागतो, साडूभाऊ!" असं चष्मेवाला आपल्या चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोरसुद्धा म्हणायचा. साडू नुसता हसायचा.

मग चष्मेवाला बायकोला घेऊन आठवडाभर बाहेरगावी गेला. किल्ली नेहमीप्रमाणे साडूकडे. परत येऊन बघतो तर वाळू विस्कटलेली आणि ठिपकीचा पत्ता नाही.

"दिसेना, म्हणून मीच जरा चाळवली," साडू म्हणाला. "आहे, जिवंत आहे. रुसली असेल तुमच्यावर."

चष्मेवाल्याला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलंसुद्धा. काही दिवसांनी ती वर आली ती वाळलेली, रंग उडालेली. कपाकडे फिरकेना.

"माझ्या विरहानं झडली बिचारी," तो बायकोला म्हणाला.

"मी माहेरी गेले की तुमचं वजन वाढतं," बायको म्हणाली. "मासे बरे म्हणायचे."

आणि इकडे साडूची! कानामागून आली आणि तिखट झाली. आता तर हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला टाकीसमोर बसवायचा. ज्यानं माशांबद्दल कधी कुणाला दोन गोष्टी धड विचारल्या नाहीत, त्याच्या टाकीत ही गुटगुटीत, आणि आपण जीव ओतला तर आपली मरायला टेकलेली. हा कुठला न्याय?

"काय खायला घालता तरी काय?" चष्मेवाल्यानं गार झालेला चहा खाली ठेवत शेवटी विचारलंच.

"काही नाही हो. भूक लागली की खाते." साडूनं टाकीचं झाकण लावून टाकलं.

तेवढ्यात मेहुणी किल्ली घेऊन बाहेर आली. "भावजी, उद्यापासून आम्ही नाही. टाकीचं तेवढं बघाल ना?"

"त्यांना कशाला त्रास?" साडू पटकन म्हणाला. "शेजाऱ्यांना सांगू की."

"शेजारी कशाला? त्यांच्या वेळेला आपण केलं, आता आपलं ते करतील."

किल्ली चष्मेवाल्याच्या खिशात गेली.

घरी ठिपकी दगडाला टेकून पडली होती. पोट पाठीला लागलेलं. आता हिचे दिवस भरले, हे त्याला दिसत होतं. ती मेली की साडू सांत्वनाला येणार, आणि वर चार सल्ले देऊन जाणार. त्या विचारानंच चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकान बंद करून तो साडूच्या घरी गेला. हातातल्या झाकणाच्या बादलीत ठिपकी होती. त्यानं खिडक्यांचे पडदे ओढले आणि टाकीचे दिवे मालवले. अंधार झाला तशी साडूची गुटगुटीत मासळी निजायला वाळूत शिरली. त्यानं जागा नीट बघून ठेवली होती. मोठा वाडगा घातला आणि तिला वाळूसकट वर काढली. मग ठिपकीला सोडली. ती फारशी भेदरली नाही. दोन दगडांच्या मधून खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

क्षणभर त्याला लाज वाटली. मरायला टेकलेल्या जिवाला परक्या दारात सोडून चाललो, असं वाटलं. मग साडूचं हसणं आठवलं आणि लाज गेली. साडूला कळणार तरी कसं? आल्यावर काही दिवस मासळी दिसायची नाही, आणि दिसेल तेव्हा वाळलेली असेल. मनाला लावून घेतलं असेल तिनं, आपण काय करणार!

घरी येऊन त्यानं नवी मासळी आपल्या टाकीत अलगद सोडली. जागा परकी, पाणी परकं, तेव्हा ही आता वाळूत घुसणार आणि चार-पाच दिवस दर्शन देणार नाही, हे त्याला पाठ होतं. तो हात पुसत उठला.

"अहो," बायको मागून म्हणाली, "तुमची रुसलेली आली की ताळ्यावर!"

त्यानं वळून पाहिलं. मासळी वाळूत गेलीच नव्हती. मोठ्या दगडाला वळसा घालून ती थेट कोपऱ्यात आली होती, आणि कान तुटलेल्या कपात तोंड घालून उभी होती.