हिरवं हेल्मेट

पुण्यात रोज संध्याकाळी एक हिरवं हेल्मेट शाल्मलीच्या स्कूटीमागे असायचं. शेवटी ती नोकरी सोडून यवतमाळला आईबाबांकडे परतली. नंबर बदलला, फेसबुक बंद केलं, जवळच्या लोहारा एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागली. हळूहळू आरशात मागचा रस्ता पाहायचंही विसरली. मग बाबांनी लग्नासाठी तिचा बायोडाटा समाजाच्या ग्रुपवर टाकला. ती चिडली, तेव्हा म्हणाले, "आपल्याच लोकांचा ग्रुप हाये. त्यात भ्या कायचं?" आज ती ऑफिसातून आली, तर आई पोहे भिजवत होती. "अचानक स्थळ आलं तुले. पोरगा लय सालस वाटते. तुयी जन्मवेळ, मामाचं गाव, कंपनीचं नाव, सगळं पाठ हाये त्याले." शाल्मलीनं बैठकीचा पडदा सरकवला. टीपॉयवर पाण्याच्या ग्लासाशेजारी हिरवं हेल्मेट होतं. बाबांना खेटून बसलेल्या पाहुण्यानं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, मग तिच्याकडे. "आज घरी यायला उशीर केलास."