एक पाय आत

कंट्रोल रूमच्या भिंतीवर नवे बारा पडदे चढले होते. तंत्रज्ञ एकेका पडद्याला एकेक कॅमेरा जोडत होता. “ताई, जुन्या गोदामाचा कॅमेरा आगीत जळालाय. त्याचं शेवटचं चित्र सिस्टीममध्ये अडकलंय, नव्या पडद्यावरही तेच येतंय. काढू का?” “राहू द्या,” ऑपरेटर ताई म्हणाल्या. चित्रात धूर होता, दारात पाठमोरा रखवालदार, एक पाय आत टाकलेला. “आमचे हे. वर्ष झालं, तिथंच उभे. एकही रजा नाही.” त्यानं मान हलवली. नव्या गोदामाचा कॅमेरा जोडताना मात्र सवयीनं जुन्याचाच नंबर टाकला. अडकलेलं चित्र पुसलं गेलं. तिथं नवं, बंद दार आलं. दारात कुणीच नव्हतं. “चुकलं, ताई. थांबा, परत आणतो.” त्याची बोटं कीबोर्डवर सैरावैरा धावली. ताई त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, “राहू द्या. गेले एकदाचे आत.”