ढालीचा फोटो

शालेय खो-खोची फायनल म्हणजे नवख्या फोटोग्राफर उत्तरेश्वरचं पहिलंच मोठं काम. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना दुष्काळी कामांच्या पाहणीला जायचं होतं, म्हणून त्यांच्या हस्ते ढाल घेतानाचे दोन्ही संघांचे फोटो सामन्याआधीच काढायचे ठरले. हरेल त्याचा फाडायचा. तालुक्याच्या शाळेच्या मुली हसत उभ्या राहिल्या. समोरच्या माकणी गावच्या संघाची कॅप्टन भामा मात्र अडून बसली, "जिंकल्याबिगर आमी ढालीला हात लावणार न्हाय."

माकणी जिंकली, तोवर चेअरमनसाहेबही गेले होते आणि उजेडही. पेपरात मग होता तोच, तालुक्याच्या मुलींचा फोटो आला, खाली 'विजेता संघ'.

भामा पेपर घेऊन स्टुडिओत आली, तेव्हा उत्तरेश्वरला तोंड कुठं लपवावं कळेना.

तिनं फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मागं हाताची घडी घालून हुबी हाय न्हवं, ती मी. तेवढीच मोठी करून द्या."