सादर करा

"एक बटण! फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं आणि बाई उठून चालत्या झाल्या!"

मी सरांच्या टेबलावर फोन आपटला. डिझाइनच्या कोर्समधला शेवटचा प्रोजेक्ट म्हणून मी दवाखान्याचं अ‍ॅप केलं होतं. नवख्या माणसाला ते जमतं का, हे बघायला खालच्या खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या हौसामावशींना बसवलं. त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, डोळ्यांचा डॉक्टर निवडला, मंगळवारही निवडला. शेवटच्या बटणाशी थांबल्या, दोनदा वाचलं आणि "आलेच हं," म्हणत फोन माझ्या हातात देऊन गेल्या. त्याला आता पाऊण तास झाला. स्क्रीनवर पीठ तेवढं राहिलं.

"मग रिपोर्टमध्ये काय लिहिलंस?" लॅपटॉपवर माझा रिपोर्ट उघडत सरांनी विचारलं.

"काय लिहिणार? 'युजर अडाणी. डिझाइनमध्ये दोष नाही.' तीन आठवडे राबलेय मी, सर! या लोकांसाठी कितीही सोपं करा, पालथ्या घड्यावर पाणी!"

तेवढ्यात दार ढकलून मावशी आत आल्या, धापा टाकतच. हातातली पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. रेशन कार्ड, आधार कार्ड, दोन फोटो आणि झेरॉक्सचा गठ्ठा.

"घरी जाऊन आले गं. 'सादर करा' लिहिलं होतं ना, मग कागद नकोत का? कुणाकडं देऊ?"

सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

'अडाणी' या शब्दाच्या खाली माझी सही होती.