आधी खाली ठेव

“‘मिळालं’ म्हणायच्या आधी खाली ठेव, पोरी. मग म्हण.”

ऑरिनचं हे वाक्य लेनोराला पाठ होतं, पण उमगलं कधीच नव्हतं. बेटाचा ईमेलचा सर्व्हर त्याने वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसवला आणि अखेरपर्यंत सांभाळला. तो गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं. त्याचा नेम साधा होता. पत्र आलं की म्हातारी डिस्क कटकट करत ते लिहून घेई, आणि मगच पाठवणाऱ्या यंत्राला निरोप जाई: मिळालं. तोवर साऱ्या बेटाची पत्रं दाराशी ताटकळत.

“लेनोरा, हाक मारली तर माझी बहिरी कुत्रीसुद्धा तुझ्या ईमेलच्या आधी येते,” शेवंडं पकडणारा लेस्टर दुकानात सगळ्यांदेखत म्हणायचा.

तिला राग येत नसे. कोडं मात्र पडे. मेमरी एवढी मोकळी पडलेली असताना सगळा भार बिचाऱ्या डिस्कवर का? ऑरिन हट्टी होता म्हणून? की त्याच्या काळी मेमरी महाग होती म्हणून? यंत्राला कान लावून ती बसून राही आणि विचार करी.

एका सकाळी तिने करून पाहिलं. नवी पत्रं आधी मेमरीतच थांबतील आणि तासाभराने सगळी मिळून डिस्कवर उतरतील, अशी मांडणी केली. कटकट थांबली. ‘मिळालं’ हा निरोप पापणी लवायच्या आत जाऊ लागला. त्या खोलीत इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती.

लेस्टरने तिला कॉफी पाजली. “ऑरिनला हे कसं सुचलं नाही गं?”

“तेच तर मला कळत नाहीये,” ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी ईशान्येचं वादळ आलं. वीज गेली. मुख्य भूमीकडे जाणारी तार तुटली, फोन मुके झाले. सकाळी जनरेटरवर तिने यंत्र चालू केलं. सगळं जिथल्या तिथे दिसलं.

तेवढ्यात प्रू आत आली, बुटांवरचा बर्फ आपटत. शाळा समिती तिच्याकडे होती. शाळेत दोनच मुलं उरली होती; ती दोघं उन्हाळ्यात पलीकडे गेली की दाराला कुलूप. आणि शाळा नसलेल्या बेटावर मुलंबाळं घेऊन कोण येणार? म्हणून समितीने धक्क्यावरचं रिकामं घर थिबोडो कुटुंबाला देऊ केलं होतं. त्यांना तीन मुलं. घर बघून ते पलीकडच्या बंदरात बहिणीकडे उतरले होते. गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळवतो म्हणाले होते.

“एक ओळ लिहवली नाही त्यांना!” प्रू म्हणाली. “आपण इथे पोरांसाठी पलंग रंगवत बसलोय. काल सकाळपासून दहादा उघडून बघितलं, काही नाही. आज संध्याकाळच्या सभेत ते घर उन्हाळी पाहुण्यांना देऊन मोकळी होते मी.”

“थांब जरा. बघते.”

प्रूच्या पेटीत खरंच काही नव्हतं. लेनोराने सहज म्हणून यंत्राची आवक-नोंद उघडली. ती नोंद नेहमी थेट डिस्कवर जाई. काल दुपारी, वीज जायच्या जरासं आधी, एक पत्र आलं होतं. पाठवणारे थिबोडो. कोणाला, तर प्रूला. आणि पुढे तो शब्द: मिळालं.

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. पत्र मेमरीत होतं. मेमरी म्हणजे हात. वीज गेली आणि डिस्कवर ठेवायच्या आधीच हात उघडले. पलीकडच्या यंत्राने मात्र ‘मिळालं’ ऐकलं आणि आपलं काम झालं असं समजून ते निश्चिंत झालं.

“प्रू, त्यांनी उत्तर दिलंय. आपण सांडलं ते. मी सांडलं.”

“अगं, मग काय लिहिलं होतं?”

“ते त्यांनाच विचारावं लागेल. ते बसले असतील आपल्या उत्तराची वाट बघत. आपण गप्प बसलो म्हणजे नको म्हणालो, असं वाटेल त्यांना.”

प्रू खुर्चीत टेकली. “सभा मी लांबवते. जमेल तेवढी.”

लेनोराने आधी मांडणी पूर्ववत केली. डिस्क पुन्हा कटकटू लागली. मग कोट चढवून ती धक्क्यावर गेली. लेस्टर बोटीतलं पाणी उपसत होता. तिने सांडलेल्या पत्राची हकिगत सांगितली आणि पलीकडच्या बंदरात न्यायला सांगितलं. अजून लाटा होत्या.

“अशा समुद्रात?” तो म्हणाला. “आणि नाही म्हणाले असतील तर?”

“तर नाही. पण ‘मिळालं’ असं आपण त्यांना सांगून बसलोय, लेस्टर.”

त्याने इंजिन सुरू केलं. तिने टोपी कानांवर ओढली, दोर सोडला आणि ते पत्र आणायला ती बोटीत उतरली.