हेखाल

“आजोबा, लग्न ठरेपर्यंत धर्माचा विषय काढू नका हं,” तिर्झानं लिफ्टमध्येच बजावलं होतं. आता कोथरूडच्या त्या हॉलमध्ये तिचे होणारे सासरे त्यांना सागवानी कपाट दाखवत होते. “जुन्या बाजारात सापडलं. कोरीवकाम बघा!” आजोबा बघतच होते. त्यावरची डाळिंबं आजोबांच्या वडिलांनी कोरली होती. गावाकडचे बाकीचे ज्यू इस्रायलला जाताना धर्मग्रंथ घेऊन गेले. तो ज्यात ठेवायचे ते हे पवित्र कपाट, हेखाल, मागे राहिलं. त्याची दारं उघडली की सगळ्यांनी उभं राहायचं, हे तिर्झाला त्यांनीच शिकवलेलं. सासऱ्यांनी दारं उघडली. आत दारूच्या बाटल्या होत्या. आजोबा काठीवर भार टाकून उठले. “अहो, बसा ना! काय घेणार?” आजोबा बसले नाहीत. सासऱ्यांचं हसू मावळलं. तिर्झा उठून आजोबांशेजारी उभी राहिली. “काका, आधी दारं लावा.”